रात्रीच्या उपग्रहचित्रातून ढगांतले बर्फकण कसे मोजतात?

प्रश्न : पावसाळ्यात मी इन्सॅट उपग्रहाची रात्रीची चित्रे नेहमी पाहतो. अंधारात ढग दिसतात कसे? आणि ढग बर्फाचा आहे की पाण्याचा, त्यातले कण केवढे, हे सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून ठरवता येते का? — एक वाचक, सांगली

उत्तर : रात्री उपग्रह टिपतो ते जमीन, समुद्र आणि ढग स्वतःच बाहेर टाकत असलेले अवरक्त किरण. त्यांच्या तीव्रतेवरून तापमान काढतात. आपण पाहतो ते चित्र म्हणजे त्या तापमानाचा करड्या छटांतील नकाशा होय. ढगमाथ्याचे तापमान सुमारे उणे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर तेथे बर्फच असणार. शून्य ते उणे ३८ या दरम्यान मात्र न गोठलेले, अतिशीत थेंबही आढळतात, म्हणून तेथे नुसत्या तापमानावर विसंबता येत नाही.

खरी पंचाईत होते ती पिसांसारख्या विरळ सिरस ढगांची. समजा, जमीन २७ अंशांवर आहे आणि वरचा ढग उणे ५० अंशांवर आहे. ढगाने जमिनीकडून येणारे निम्मेच किरण अडवले, तर उपग्रहाला साधारण उणे ५ अंश दिसतात, आणि उंचावरचा बर्फाचा ढग मधल्या थरातला वाटू लागतो.

येथे अवरक्त किरणांच्या तरंगलांबीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांची तुलना उपयोगी पडते. बर्फ ११ मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण अधिक शोषतो, त्यामुळे विरळ ढग १२ च्या पट्ट्यात अधिक थंड दिसतो. स्फटिक बारीक असतील तर हा फरक काही अंशांचा भरतो. ते शंभरेक मायक्रोमीटरहून मोठे झाले, की त्यांत शिरलेले किरण दोन्ही पट्ट्यांत जवळजवळ पूर्ण शोषले जातात आणि फरक नाहीसा होत जातो. इन्सॅट-३डी (२०१३) आणि त्यानंतरच्या ३डीआर व ३डीएस या उपग्रहांवर असे दोन पट्टे आहेत. नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस उपकरणात त्यांच्या जोडीला ८.५ मायक्रोमीटरचा पट्टा असून बर्फ आणि पाणी वेगळे ओळखण्यास त्याची मोठी मदत होते. ढगाची उंची ठरवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड जेथे किरण शोषतो, ते १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे पट्टे वापरतात.

तरीही हा हिशेब नाजूक आहे. स्फटिकांचा आकार षट्कोनी स्तंभासारखा की चकतीसारखा, हे आधी गृहीत धरावे लागते. शिवाय कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेतली वाफ ढग नसतानाही दोन्ही पट्ट्यांत थोडा फरक पाडते, तो वजा करावा लागतो. म्हणूनच २००६ ते २०२३ या काळात काम केलेल्या कॅलिप्सो उपग्रहावरील लेसर किरणांची मोजणी पडताळणीसाठी मोलाची ठरली.

आपण पाहता ते मुसळधार पावसाचे पांढरेशुभ्र ढग मात्र इतके जाड असतात, की त्यांतून जमिनीचे किरण वर येतच नाहीत आणि दोन्ही पट्ट्यांत जवळपास सारखेच तापमान दिसते. त्यामुळे कणांचे मोजमाप होते ते अशा ढगांच्या कडेने दूरवर पसरलेल्या विरळ पडद्यात. गाभ्याविषयी अवरक्त चित्र माथ्याच्या तापमानापलीकडे फारसे सांगत नाही.