एडिनबराहून, अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी झटलेल्या निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांचं बालपणीचं घर बघायला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या डनबार गावाला जावं का?

जावं, पण जुन्या फर्निचरनं सजवलेल्या खोल्या मिळतील या अपेक्षेनं नको. हाय स्ट्रीटवरच्या या घरात म्यूर 21 एप्रिल 1838 रोजी जन्मले. आज मात्र भिंतींचं फक्त कवच जुनं आहे. आत लाकडी जिने नि मजले नव्यानं उभारून 2003 साली संग्रहालय केलंय. शिवाय म्यूर लहान असतानाच कुटुंब शेजारच्या मोठ्या इमारतीत राहायला गेलं, म्हणजे बालपण खरं त्या शेजारच्या इमारतीत गेलं. 1849 मध्ये सगळे अमेरिकेला गेले.

प्रवेश मोफत. तासभर पुरतो. हिवाळ्यात काही वार बंद असतं, तेव्हा वेळा आधी बघून घ्या.

एडिनबरा वेव्हर्ली स्टेशनवरून ट्रेननं साधारण अर्धा तास. लंडनकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या डनबारला थांबत नाहीत. थांबा तपासूनच बसा, नाहीतर थेट इंग्लंडात उतराल. स्टेशनवरून घर पाच-सात मिनिटं चालत.

नुसतं घर बघून परतू नका. म्यूर लहानपणी ज्या किल्ल्याच्या पडक्या भिंती चढायचे, तो बंदराशीच आहे. अवशेष धोकादायक असल्यानं बाहेरूनच बघायचा. वेळ असेल तर किनाऱ्यानं पश्चिमेला बेलहेवनकडे चाला. वारा बोचरा असतो, जाकीट उन्हाळ्यातही हवंच.