वाचकांचे प्रश्न : कपाट पुढे येतं, माणूस मागे जातो

प्रश्न : पुस्तकांच्या दुकानात उभ्यानेच पुस्तक चाळणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचं चित्र तैलरंगात करत आहे. मागचं कपाट चेहऱ्याच्या पुढे येतं आणि सुरकुत्या काढल्या की चेहरा लाकडात कोरल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही ठिकाणी रेषाच जास्त झाल्या आहेत. कपाटातलं प्रत्येक पुस्तक ठळक कडेने वेगळं काढलं, तर नजर तिथेच अडकणार. आधी सगळं कपाट एकसंध गडद रंगवा : बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), टर्पेंटाइनने पातळ केलेले. तो थर ओला असतानाच चपट्या ब्रशने उभे फटकारे मारून त्यात थोडा लाल, थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळू द्या. जाडी-उंची कमीजास्त ठेवा, दोन-तीन पुस्तकं कललेली दाखवा. स्पष्ट कडा फक्त हाताजवळच्या चार-पाच पुस्तकांना. पाठीवर नावं लिहू नका. अक्षरं दिसली की बघणारा चेहरा सोडून ती वाचू लागतो. चित्रातला सर्वांत उजळ पांढरा उघड्या पानासाठी राखून ठेवा.

फळ्याही तपासा. नजरेच्या पातळीवरच्या फळीची फक्त कड दिसते, वरच्या फळ्यांची खालची बाजू आणि खालच्यांची वरची. सगळ्या सारख्याच काढल्या तर कपाट रंगवलेल्या पडद्यासारखं वाटतं.

आता चेहरा, आणि इथे घाई नको. मान खाली झुकली की डोक्याचा माथा जास्त दिसतो, कान भुवयांच्या वर सरकलेले भासतात, नाक आणि हनुवटीतलं अंतर आखडतं. समोर बघणाऱ्या चेहऱ्याची मापं तशीच ठेवली, तर माणूस पुस्तक नुसतं धरून उभा आहे असं वाटतं. सुरकुती ही रेघ नसते, ती कातडीची घडी असते : एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत, आणि गडद रंग फक्त खोल जागी, तोही तांबूस. आधी उजेड, मधली छटा आणि सावली अशा तीन भागांत चेहरा बसवा. सुरकुत्या सगळ्यांत शेवटी, त्याही डोळ्यांच्या कडेला आणि नाकापासून ओठांपर्यंतच्या घडीत. पानावरून परतणारा उजेड हनुवटीखाली दाखवा, मात्र तो गालावरच्या थेट उजेडापेक्षा गडदच हवा. चष्म्याआधी पापण्या पूर्ण करा; फ्रेमची रेषा मध्ये मध्ये तुटू द्या. पांढरे केस आधी करड्या रंगात.

प्रश्न : वाळल्यावर कपाटाचा गडद भाग निस्तेज, धुरकट दिसतो. वर आणखी रंग द्यावा का?

उत्तर : नको. रंगातलं तेल खालच्या थरात मुरलं आहे. अंबर वापरलेल्या भागात हे हमखास होतं, टर्पेंटाइन जास्त झालं की आणखीच. थर हाताला कोरडा लागला की सुती कापडाने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि उरलेलं तेल पुसून घ्या. रंगाची खोली परत येते. वार्निशला किमान सहा महिने थांबा, थर जाड असेल तर त्याहून जास्त.