खोलीत दणदणीत, रेकॉर्डिंगमध्ये पत्रा: बेस ॲम्पवर तुमचे प्रश्न

बेस गिटारचा कॉम्बो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) घरी रेकॉर्ड करताना येणाऱ्या अडचणींवर इतकी पत्रं साठलीयेत की या वेळी सगळी जागा त्यांनाच देतोय. बेसकडे लोकांचं लक्ष कमी जातं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: माझा ४० वॉटचा, १० इंची स्पीकरचा कॉम्बो आहे, १० बाय १२ च्या बेडरूममध्ये कोपऱ्यात ठेवलाय. खोलीत आवाज एकदम भरीव वाटतो. पण एसएम ५७ माइक दीड फुटावर लावून रेकॉर्ड केलं की पत्र्याच्या डब्यासारखा पातळ येतो, आणि मधेच एखादी नोट अशी फुगते की मीटर लाल होतो. बेसचा नॉब पूर्ण वर केला तरी तेच. दुसरा माइक घेऊ का? (एक वाचक, पुणे)

माइक आत्ता घेऊ नका. आधी एक करून बघा, मित्राला वाजवायला बसवा, व्हॉल्यूम कमी करा आणि तुम्ही फरशीवर बसून कान स्पीकरच्या समोर फूटभरावर न्या. तुम्हाला जे ऐकू येईल ना, तेच माइकला ऐकू येतं. आपण उभं राहून वाजवतो, स्पीकर पायाशी असतो, वरचे स्वर सरळ रेषेत गुडघ्यांवरून निघून जातात आणि कानापर्यंत येतो तो फक्त खालचा घुमणारा आवाज, तोसुद्धा निम्मा खोलीचा. त्या ऐकण्यावर नॉब फिरवले की ते सेटिंग आपल्या उभं राहायच्या जागेसाठी होतं, माइकसाठी नाही. म्हणून मी कॉम्बो नेहमी एका भक्कम खुर्चीवर किंवा लाकडी पेटीवर ठेवतो, स्पीकर छातीच्या उंचीला आला की मगच नॉबना हात लावतो.

आता फुगणारी नोट. ती ए स्ट्रिंग मोकळी वाजवली की येते का? किंवा ई स्ट्रिंगवर दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे एफ शार्पला? माझा अंदाज या दोघींपैकीच एक. कारण साधं आहे, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तुमच्या खोलीची एक बाजू १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून घुमतो, आणि मोकळी ए आहे ५५ हर्ट्झ. १२ फुटांच्या बाजूला तो आकडा ४७ येतो, एफ शार्प ४६ च्या थोडी वर. म्हणजे ही नोट तुमची खोली फुगवतेय, यात ॲम्पचा काही दोष नाही. त्यात कॉम्बो कोपऱ्यात, म्हणजे दोन भिंती आणि फरशी तिघी मिळून खालचा आवाज अजून वाढवतायत. कॉम्बो कोपऱ्यातून काढा, खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशावर आणून बघा. अगदी मधोमध नको, तिथे हेच स्वर गायब होतात. आणि भिंतीवर गोधड्या किंवा अंड्याचे ट्रे लावू नका, त्याने फक्त वरचा आवाज मेल्यासारखा होतो, ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला गोधडीचं काही वाटत नाही.

पातळपणाचं उत्तर माइकच्या अंतरात आहे. एसएम ५७ चा खालचा रिस्पॉन्स २०० हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो, पण हाच माइक स्पीकरला चिकटवलात की जवळीकीमुळे खालचा भाग परत वर येतो, या जातीच्या सगळ्या एकदिशा माइकचा तो गुणच आहे. तुम्ही दीड फुटावर ठेवलात तिथे तो फायदा संपला आणि खोली मात्र माइकमध्ये शिरली. जाळीपासून दोन बोटांवर आणा. मग बाजूला सरकवा: स्पीकरच्या मधली जी गोल टोपी आहे तिच्यासमोर आवाज तीक्ष्ण आणि कडक, कडेकडे जाताना मऊ आणि जाड. टोपी आणि कागदाचा कोन जिथे मिळतात तिथून सुरुवात करा, इंच इंच सरकवा, प्रत्येक जागी तेच चार बार वाजवून रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर एकामागून एक ऐका. मला हे काम सगळ्यात आवडतं. अर्ध्या इंचात आवाज असा बदलतो की कुणी दुसरा ॲम्प आणून ठेवला असं वाटतं.

बेसचा नॉब मधोमध आणा, हवं तर त्याहून थोडा खाली. १० इंची छोट्या डब्यातून ४१ हर्ट्झ, म्हणजे मोकळी ई, तशीही पूर्ण निघत नाही, आपल्याला तिथे ऐकू येतो तो मुख्यतः ८२ चा वरचा स्वर, आणि नॉब चढवला की स्पीकर नुसताच धडपडतो. मिड्स, म्हणजे मधले स्वर, थोडे वर घ्या. एकटा ऐकला तर हा आवाज तुम्हाला नाकातला वाटेल, पण ड्रम आणि गिटार सुरू झाले की नेमका तोच भाग बेसला ऐकू येण्याजोगा ठेवतो, फोनच्या स्पीकरवरसुद्धा. बेस सोलोवर ऐकून कधीच ठरवू नका. लेव्हल मोठ्यात मोठ्या नोटला उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, २४ बिटवर त्याहून वर जायची गरजच नाही.

आणि हो, टेक घ्यायच्या आधी खोलीतून एक चक्कर मारा. एकदा मी तीन तास वाजवलं आणि प्रत्येक ए च्या मागे एक बारीक चिर्र येत होती, स्पीकर फाटला म्हणून घाबरलो, शेवटी कळलं की लोखंडी कपाटाच्या कुलपाला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा थरथरतोय. एक किल्ली दाराच्या पत्र्याला टेकत होती, बोट ठेवलं की चिर्र बंद. तीन तासांचे टेक गेले. काचा, फोटोफ्रेम, ड्रॉवर, सगळ्यांना हात लावून बघा.

प्रश्न: जुना व्हॉल्व्हचा ॲम्प आहे, त्याला लाइन आउट (रेकॉर्डिंगसाठीचा कमी ताकदीचा जॅक) नाही. मागचा स्पीकर आउट सरळ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या डब्यात) घातला तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

नाही, अजिबात नाही. त्या जॅकमधून स्पीकर हलवायची ताकद येते, इंटरफेस जळेल. आणि स्पीकर काढून व्हॉल्व्हचा ॲम्प चालू केलात तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, तो बदलायचा खर्च मोठा असतो. स्पीकर जोडलेलाच ठेवा आणि समोर माइक लावा.

प्रश्न: ॲम्पच्या एक्सएलआर सॉकेटमधला डीआय (माइकशिवाय वायरने मिळणारा थेट सिग्नल) आणि माइक दोन्ही एकदम रेकॉर्ड करतो. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही छान, एकत्र केले की पोकळ. कुठे चुकतंय? (एक वाचक, नागपूर)

तुमचं चुकत नाहीये, आवाजाला प्रवास करायला वेळ लागतो एवढंच. डीआयचा सिग्नल वायरमधून ताबडतोब पोचतो, माइकचा हवेतून. माइक ३० सेंटीमीटरवर असेल तर तो जवळजवळ ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो, दोन्ही एकत्र केले की ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि बेसचा गळा तिथेच असतो. म्हणून पोकळ.

उपाय फुकट आहे. टेक सुरू करायच्या आधी डाव्या हाताने स्ट्रिंग दाबून धरा आणि उजव्या हाताने एक सुकी 'टक्' मारा. मग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा, ती टक् माइकच्या ट्रॅकवर थोडी उजवीकडे दिसेल. माइकचा ट्रॅक डावीकडे सरकवा, ४८ किलोहर्ट्झला ३० सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२ सॅम्पल. जुळलं की माइकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, दोन्हींपैकी जिथे आवाज जाड येतो ती ठेवा. हे सगळं मोनोमध्ये ऐका. नुसतं डोळ्यांनी जुळवून थांबू नका, ॲम्प आणि स्पीकर स्वतःही लाट थोडी वाकवतात, त्यामुळे शेवटचे चार-पाच सॅम्पल कानानेच ठरतात.

मी स्वतः खालचा पाया डीआयमधून घेतो आणि गुरगुर, बोटांचा आवाज, स्पीकरची हवा माइकमधून. त्यासाठी बरेच जण माइकच्या ट्रॅकचा खालचा भाग फिल्टरने कापतात, कापा, पण फिल्टरसुद्धा फेज, म्हणजे लाटेची वेळ, हलवतो, त्यामुळे कापल्यावर पोलॅरिटी परत एकदा तपासा. आणि तुमच्या ॲम्पवर प्री आणि पोस्टचं बटण (डीआय टोनच्या नॉबांच्या आधी घ्यायचा की नंतर) असेल तर डीआय प्रीवर ठेवा, नाहीतर टेकच्या मधे ट्रेबल फिरवलात की दोन्ही ट्रॅक बदलतात आणि मागे जायला काहीच उरत नाही.

प्रश्न: मला जुन्या मोटाउनसारखा (डेट्रॉइटची सोल संगीताची रेकॉर्ड कंपनी) गोल, बुटका आवाज हवाय. त्यासाठी कुठला ॲम्प घेऊ? (एक वाचक, मडगाव)

या प्रश्नाची मी वाट बघत होतो! मोटाउनचा बेस म्हणजे मुख्यतः बेसवादक जेम्स जेमरसन, आणि डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओत, ज्याला वादक स्नेकपिट म्हणायचे, त्यांचा बेस बहुतेक वेळा ॲम्पमधून नाही तर सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये रेकॉर्ड व्हायचा. त्यांच्याकडे ॲम्पेगचा बी-१५ होता, १९६० साली आलेला १५ इंची स्पीकरचा ॲम्प, ज्याचं डोकं (ॲम्पचा वरचा भाग) उलटं करून डब्यातच बंद करता येतं, पण तो मुख्यतः क्लबमध्ये वाजवायला. तेव्हा त्या आवाजासाठी तुम्ही ॲम्पवर पैसे घालवलेत तर मला वाईट वाटेल.

आवाज होता तो १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसचा, त्यावरच्या जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारांचा, ज्या ते तुटल्याशिवाय बदलत नसत, आणि ब्रिजच्या झाकणाखालच्या फोमचा. आणि सगळ्यात जास्त उजव्या हाताच्या एकाच तर्जनीचा, तिला 'हुक' म्हणायचे. दोन बोटांनी वाजवलं की प्रत्येक बोटाचा ठोका थोडा वेगळा पडतो, एकाच बोटाने वाजवलं की सगळे ठोके एका वजनाचे येतात.

तेव्हा फ्लॅटवाउंड तारांचा एक सेट घ्या. भांडी घासायचा नवा कोरडा स्पंज असतो ना, त्याची बोटभर पट्टी कापा आणि तारांखाली, ब्रिजला लागून सरकवा. इतपतच दाबा की नोट मरू नये, फक्त तिची शेपटी छोटी व्हावी. टोन नॉब खाली आणा. मग तुमचा आहे तो कॉम्बो, ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असेल तर बंद करून, दोन बोटांवर माइक, किंवा सरळ डीआय. सरळ इंटरफेसमध्ये घालत असाल तर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं असू द्या, पॅसिव्ह बेसला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, लाइन इनपुटमध्ये घातला की पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकावर) भार पडतो आणि आवाज विझतो. त्याला बुटका आवाज समजू नका, तो नुसताच मेलेला असतो.

प्रश्न: जुन्या घरात राहतो. ॲम्प लावला की सतत घूंघूं असा हम येतो, रेकॉर्डिंगमध्ये तर जास्तच. कुणीतरी म्हणालं प्लगची अर्थची पिन काढ. (एक वाचक, सांगली)

पिन काढू नका. हम गेला तरी तुमच्या आणि विजेच्या धक्क्यामधली एकमेव सोय जाते, आणि बेसच्या तारा तर तुमच्या बोटांखाली असतात. आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात ते बऱ्याचदा नावालाच असतं.

मग हम कुठला ते शोधा. फक्त एक्सएलआर जोडला की येतो? तर ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थच्या वायरींचं वेटोळं) आहे, ॲम्पवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं, ते दाबा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर कमी होतो? तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. बटण आणि चार्जरने फरक नाही, पण जागेवरच गोल वळलात की कमी-जास्त होतो? तर पिकअप सिंगल कॉइल आहे, ज्या दिशेला तोंड करून शांत होतो त्या दिशेला बसा, दोन पिकअपचा जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा, दोन पिकअप एकमेकांचा हम खोडतात. तारांना हात लावला की कमी होतो? तर बेसच्या आतलं शील्डिंग कच्चं आहे. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर टेकपुरते बंद. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई स्ट्रिंगवर तिसऱ्या फ्रेटची जी (G) नोट आहे ४९ हर्ट्झ, त्यामुळे हा हम नंतर इक्वलायझरने कापायला गेलात तर तुमची ती जी नोटही सोबत जाते. जे काढायचं ते वाजवायच्या आधीच काढा.

प्रश्न: दादा, कॉलेज आणि क्लासमुळे मला रात्रीच वेळ मिळतो, आणि फ्लॅटमध्ये रात्री ॲम्प लावणं शक्य नाही. मग माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ॲम्पचा आवाज येणारच नाही का? (एक वाचक, ठाणे)

येईल गं, नक्की येईल. रात्री हेडफोनवर फक्त डीआय रेकॉर्ड कर, मनासारखा टेक होईपर्यंत. मग रविवारी दुपारी, शेजारी चालवून घेतील अशा वेळी, तोच ट्रॅक इंटरफेसच्या आउटपुटमधून रिॲम्प बॉक्स लावून ॲम्पमध्ये सोड आणि समोर माइक लाव. हा बॉक्स इंटरफेसचा मोठा सिग्नल बेससारखा छोटा करून देतो. तो नसेल तर कुणाकडून एका दिवसापुरता माग, बँडवाल्या मुलांकडे असतो. वाजवायचं काम झालेलं असल्यामुळे तुझे दोन्ही हात मोकळे राहतात, ट्रॅक लूपवर लावून निवांत माइक सरकव. व्हॉल्यूम बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडा वर असला तरी पुरतो, जवळच्या माइकला तेवढं बास आहे.

आणि आवाज सापडला की माइकची जागा जाळीवर खडूच्या खुणेने आणि सगळ्या नॉबची जागा फोनवर फोटो काढून ठेव, पुढच्या आठवड्यात एखादी ओळ परत वाजवावी लागली तर लागेल.