गुरुवारचं लग्न बुधवारी

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'वर लिहिलं, त्यावर रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच: ही पोरं एवढी उतावळी का? नाटक ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हेरोना शहरातली दोन वैरी घराणी. एकातला मुलगा, दुसऱ्यातली मुलगी. दोघं चोरून लग्न करतात. मुलाच्या हातून मुलीचा मामेभाऊ मारला जातो आणि तो हद्दपार होतो. मुलीचे आईबाप तिचं दुसरं लग्न ठरवतात. एक पाद्री तिला मेल्यासारखं झोपवणारं औषध देतो, पण ही योजना मुलाला कळतच नाही. दोघंही जिवानिशी जातात.

सर म्हणतात हे नियतीचं नाटक. गाइडमध्ये लिहिलंय की तरुणांच्या अविचाराचं. परीक्षेत दोन्ही लिहिलं तर चालेल का?
— बी. ए.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी

चालेल, पण दोन्हींच्या मध्ये नुसतं 'आणि' टाकून सुटू नका. आधी एका कागदावर वार मांडा. रविवारी सकाळी रोमिओ रोझलाइन नावाच्या मुलीसाठी झुरतोय. त्याच रात्री मेजवानीत त्याला ज्युलिएट दिसते आणि उजाडायच्या आत तिच्या खिडकीखाली लग्नाचं बोलणं होतं. (बाल्कनी आपण सगळे धरून चालतो, पण मूळ संहितेत तो शब्दच नाही.) सोमवारी दुपारी लग्न. त्यानंतर तासाभरात रस्त्यात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट यांचे मुडदे. मंगळवारी पहाटे हद्दपार झालेला रोमिओ मँटुआ शहराला निघतो, रात्री ज्युलिएट औषध घेते. बुधवारी सकाळी ती 'मेलेली' सापडते आणि गुरुवारच्या रात्री थडग्यात सगळं संपतं. ही गोष्ट शेक्सपिअरने आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या दीर्घकाव्यातून घेतली. तिथे ती कित्येक महिने चालते. ते महिने पिळून त्याने पाच दिवस केले. म्हणजे घाई हा पात्रांचा दोष तर आहेच, शिवाय नाटककाराने मुद्दाम केलेली रचनाही आहे. एवढं लिहिलंत तरी उत्तर गाइडच्या पुढे जाईल.

आता नियती. योगायोग खरेच आहेत. मेजवानीच्या पाहुण्यांची यादी ज्या नोकराकडे दिली त्याला वाचता येत नाही आणि तो रस्त्यात नेमक्या रोमिओलाच ती वाचून दाखवायला सांगतो. औषध देणाऱ्या पाद्री लॉरेन्सचं रोमिओसाठीचं पत्र घेऊन दुसरा पाद्री जॉन निघतो. त्याला सोबतीला आपल्याच पंथाचा एक जण हवा असतो, तो आजाऱ्यांना भेटायला गेलेला. त्या घरात प्लेग असल्याच्या संशयावरून गावचे तपासनीस दोघांना आत ठेवून दारं बंद करतात. पत्र व्हेरोनातच राहतं. करोनात घरांना लावलेली सीलं पाहिलेल्यांना हा प्रसंग वेगळा समजवायला नको.

पण योगायोग एवढा महागात का पडतो? व्हेरोना ते मँटुआ अंतर साधारण चाळीस किलोमीटर, चिपळूण-गुहागरएवढं. पत्र एक दिवस उशिरा पोचलं तरी चाललं असतं, एक दिवस हाताशी असता तर. तो दिवस खाल्ला कोणी? पोरांनी नव्हे, बापाने. हा धागा सहसा कोणी पकडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रविवारी पॅरिस नावाचा उमराव मागणी घालतो तेव्हा ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट म्हणतो, पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या. शहाण्या बापाचं बोलणं. सोमवारी रात्री उशिरा, घरात टिबॉल्टचं सुतक असताना, तोच माणूस वार मोजतो: आज सोमवार, बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी उरकू. मुलीला विचारलेलंही नाही. मंगळवारी संध्याकाळी ज्युलिएट खोटी माफी मागते, त्यावर तो इतका खूश होतो की म्हणतो, उद्या सकाळीच बार उडवून देऊ! बायको सांगते, अहो, सामान पुरणार नाही, रात्र व्हायला आली, गुरुवारच बरा. ऐकत नाही. रात्री तीन वाजता घरात खजूर आणि मसाल्यांची शोधाशोध चाललेली असते. दोन वर्षांचे तीन दिवस झाले आणि तीन दिवसांची एक रात्र. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग आपण ऐकतो, इथे बाशिंग सासऱ्याच्या गुडघ्याला आहे. औषधाचा अंमल बेचाळीस तास. ते बुधवारी रात्री घ्यायचं होतं, मंगळवारीच घ्यावं लागलं. गेलेले चोवीस तास ते हेच.

पोरांचा अविचार दाखवायचा तर खुनाचे प्रसंग घेऊ नका, ते सगळेच घेतात. मँटुआचा प्रसंग घ्या. नोकर बाल्थझार ज्युलिएट गेल्याची बातमी आणतो. रोमिओ लगेच घोडे सांगतो. नोकर म्हणतो, धीर धरा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही. तेव्हा रोमिओ विचारतो, पाद्रीबाबांचं पत्र नाही का आणलंस? नाही म्हटल्यावर म्हणतो, असू दे. पत्र यायला हवं होतं हे त्याच्या डोक्यात आहे. पत्र का आलं नाही, इथवर तो थांबत नाही. थडग्यातही तेच. तिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे हे तो बघतो, बोलूनही दाखवतो, आणि त्याचा अर्थ लावत नाही. पाद्री पोचतो तेव्हा रोमिओला आत जाऊन अर्धा तास झालेला असतो.

परीक्षेसाठी वाक्य हवंच असेल तर हे घ्या: योगायोग कोणाच्याही आयुष्यात येतात, या नाटकात ते पचवायला लागणारा वेळ माणसांनी आधीच संपवलेला आहे. उदाहरणं वरची चार. नशिबाच्या बाजूने सुरुवातीची १४ ओळींची प्रस्तावना जरूर सांगा, शेवट तिथेच सांगून टाकलेला आहे.

ज्युलिएट खरंच तेरा वर्षांची? आणि रोमिओ?
— एक वाचक, मुरूड-जंजिरा

ती चौदाची व्हायला पंधरवडा आणि वर काही दिवस आहेत, असं आई आणि दाईच्या बोलण्यात येतं. तिचा जन्म ३१ जुलैच्या रात्रीचा, म्हणजे १ ऑगस्टच्या लॅमस या सुगीच्या सणाची आदली रात्र. आपल्याकडे मासेमारीची बंदी संपायचा तो दिवस. ब्रुकच्या काव्यात ती सोळाच्या आसपास आहे, शेक्सपिअरने वय खाली आणलं. 'त्या काळी असंच असायचं' हे मात्र अर्धवट खरं. उमरावांत लवकर लग्नं होत, पण त्या वेळच्या इंग्लंडमधल्या साध्या घरांतल्या मुली सरासरी पंचविशीत लग्न करत. म्हणजे मूळ प्रेक्षकालाही तेरा हे वय कोवळंच वाटलं असणार. रोमिओचं वय नाटकात कुठेच दिलेलं नाही.

आमका ह्या नाटक मालवणीत करूचा आसा, तासाभरात बसवूचा आसा. काय ठेवूचा आणि काय काढूचा?
— हौशी नाट्यमंडळ, कुडाळ

आधी मंगेश पाडगावकरांचा मराठी अनुवाद मिळवा. माणूस वेंगुर्ल्याचा, भाषेची लय तुमच्या कानाला जवळची वाटेल.

काढायचं ते: सुरुवातीच्या नोकरांचे शाब्दिक विनोद (मालवणीत तुमचे तुम्ही दोन घाला, पुरे), ज्युलिएट 'मेल्यावर' येणारे वाजंत्री, मर्क्युशिओचं परीराणीवरचं लांबलचक भाषण आठ ओळींवर. पाद्रीचं शेवटचं निवेदनही काढा, प्रेक्षकाने सगळं नुकतंच पाहिलेलं असतं.

ठेवायचं ते: रोझलाइन. बहुतेक मंडळं पहिली कात्री तिलाच लावतात आणि मग रोमिओ एकदम खरा प्रेमिक होऊन बसतो. सकाळी एकीसाठी रडणारा पोरगा रात्री दुसरीच्या खिडकीखाली उभा आहे, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. बापाचे 'दोन उन्हाळे', वार मोजणं, 'उद्या सकाळीच' ही तिन्ही वाक्यं ठेवा आणि ती म्हणताना नटाला एकाच जागी उभं करा. सीलबंद घरातला पाद्री जॉन हवाच, दोन मिनिटांत होतो. ज्युलिएट खिडकीत म्हणते की हे फार अचानक होतंय, विजेसारखं. आणि त्याच प्रवेशात थोड्या वेळाने लग्नाची गोष्ट तीच काढते. ही दोन्ही वाक्यं एकाच नटीच्या तोंडी इतकी जवळ आली की उतावळेपणावर वेगळं भाषण लागत नाही.

ऋतूची अडचण येईल. मूळ गोष्ट जुलैच्या मध्यातली आणि तिथे ऊन रणरणतंय. उकाड्यात रक्त तापतं, घरी चल, असं रोमिओच्या घराण्यातला बेनव्होलिओ भांडणाआधी सांगतो. तुमच्या जुलैत छपराच्या पन्हळी वाहत असतात. गोष्ट मेच्या अखेरीला न्या, पाऊस यायच्या आधीच्या घामट दिवसांत. शेवटी पाऊस पाडू नका, सगळेच पाडतात.

आता मारामारी. १५९७ च्या पहिल्या छापील प्रतीत रंगसूचना आहे की टिबॉल्ट रोमिओच्या हाताखालून मर्क्युशिओला भोसकतो आणि पळतो. बसवायची ती अशीच. रोमिओ दोघांच्या मध्ये घुसतो, तोंड मर्क्युशिओकडे, दोन्ही हात पसरलेले. त्यामुळे मर्क्युशिओला टिबॉल्ट दिसत नाही आणि टिबॉल्टला मोकळी फट मिळते. सोडवायला गेलेल्याच्या हातानेच वाट होते, हे प्रेक्षकाला कळायला हवं, म्हणून तिघांना एका ओळीत न ठेवता किंचित तिरकं ठेवा. पातं शरीराच्या मागच्या, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या बाजूने जाऊ द्या, अंगापासून एक वीत लांब. लाकडी, बोथट टोकाची हत्यारं घ्या. दाबल्यावर आत जाणारी पाती अडकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. पहिले आठ दिवस पाव वेगाने, तोंडाने आकडे मोजत. शर्ट घामाने भिजले की मुठी निसटतात, म्हणून मुठीला सुतळी गुंडाळा.

शेवटचे मृत्यू सजवू नका. गाणं, निळा प्रकाश, फुलं काही नको. मुळातही ज्युलिएटला जाग आल्यावर फार थोड्या ओळी आहेत. पुढच्या रांगांत शाळेची मुलं असतात याचं भान ठेवा.

मुलगी पंधराची, दहावीत. क्लासमधल्या सतरा वर्षांच्या मुलाशी जमलंय. मोबाइल काढून घेतला तर म्हणते, पळून जाईन, नाहीतर बघाल तुम्ही. यजमान म्हणतात, शाळा बंद करून मामाकडे पाठवू आणि लवकर स्थळ बघू. तुमचा लेख वाचून झोप उडाली.
— एक आई, दापोली तालुका

ताई, आधी 'बघाल तुम्ही' हे शब्द. ते धमकी समजून सोडून देऊ नका. शांत वेळी, एकटीला, सरळ विचारा: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा होते. उत्तर हो असेल, किंवा गप्प राहिली, तर तिला एकटी ठेवू नका आणि १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी) फोन करा, तो मोफत आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही दाखवा. आणि उत्तर काहीही येवो, आजच एक काम करा: कलमांच्या फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाका, किल्ली स्वतःकडे ठेवा. असा झटका बऱ्याचदा काही मिनिटांत, काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही लागू नये.

आता यजमानांचा बेत. स्थळ बघणं मनातूनच काढा. मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण व्हायच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि तो लावणाऱ्या पालकांवरही दाखल होतो. कॅप्युलेटने नकार देणाऱ्या पोरीला नेमकं हेच सुनावलं होतं: लग्न कर, नाहीतर रस्त्यावर भीक माग, माझं तोंड बघू नकोस. आईने पाठ फिरवली. मग दाई, जिने तिला अंगावर पाजलं, ती म्हणाली, पहिला विसर, दुसराच बरा. त्या घटकेपासून ज्युलिएट घरात कोणाशी खरं बोललेली नाही. औषधाची बाटली त्यानंतर आली. तुमच्या घरात ती दाई कोण आहे ते शोधा, आत्या, मावशी, आजी, शाळेतल्या बाई, आणि तिला एवढंच सांगा की मुलीचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकायचं, कोणाची बाजू घ्यायची नाही.

मुलीला कायदा समजावून सांगा, पण धमकीच्या सुरात नको. अठराच्या आत तिची संमती कायदा धरत नाही. शरीरसंबंध आला तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) मुलावर गुन्हा होऊ शकतो, आणि ती राजीखुशीने त्याच्यासोबत गेली तरी ते अपहरण ठरू शकतं. तो सतराचा असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. 'त्याचं आयुष्य तुझ्या एका रात्रीवर आहे' हे तिला बापाच्या ओरडण्यापेक्षा लवकर कळेल.

मोबाइल पूर्ण काढून घेतला की दुसऱ्याचा मिळवला जातो आणि निरोप्यांची साखळी सुरू होते. पाद्री जॉनचं काय झालं ते वर आलंच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा फोन स्वयंपाकघरात, तुमचेही तिथेच, असा नियम करा. रात्रीचं चॅटिंग सर्वांत वाईट. या वयात डोकं थंड असताना मुलं मोठ्यांच्या बरोबरीने विचार करतात; भावना पेटलेल्या असल्या किंवा मित्र बघत असले की लगाम सुटतो, कारण मेंदूचा तो भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. म्हणून बोलणं भांडणाच्या रात्री काढू नका. दुसऱ्या दिवशी, समोरासमोर न बसता, तांदूळ निवडताना किंवा वाल सोलताना काढा. 'विसर त्याला' म्हणू नका. 'दहावी होईपर्यंत कोणीच काही ठरवायचं नाही, तूही नाही, आम्हीही नाही' असं म्हणा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. यजमानांनीही ती पाळायची, मधेच कोणाचं स्थळ आलं तरी.

ती खरंच निघून गेली तर 'चार लोकांत बोभाटा नको' म्हणून सकाळची वाट बघू नका. ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८, लगेच. तिच्या मैत्रिणींचे नंबर आजच वहीत उतरवून ठेवा.