प्रश्नोत्तरे : टेपरेकॉर्डरमधून गिटारला जुन्या रेडिओचा आवाज

प्रश्न : मी झाडीपट्टीतील नाटकांत गिटार वाजवतो. एका प्रवेशासाठी जुन्या रेडिओतून यावा तसा फुटका, चिरका आवाज हवा आहे. घरी आजोबांचा कॅसेट टेपरेकॉर्डर आहे. त्याची मोटर अडकते. शिवाय एका जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत ‘एसी १२८’ असे लिहिलेले ट्रान्झिस्टर सापडले. गिटारच्या जुन्या फझमध्ये (सूर फाटका करणाऱ्या इफेक्टमध्ये) जर्मेनियमचेच ट्रान्झिस्टर असत असे ऐकले आहे. यांतून काही करता येईल का?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : करता येईल, पण रेडिओ आधी बाजूला ठेवा, कारण आपल्याला हवा असलेला इफेक्ट टेपरेकॉर्डरमध्ये जवळजवळ तयारच आहे. सेल घालून ‘प्ले’ दाबा आणि हेडच्या (कॅसेटची फीत वाचणाऱ्या भागाच्या) मधल्या तारेला पेचकसाचे टोक लावा. स्पीकर गुणगुणला, तर अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे असे समजावे. मग मोटरची एक वायर तोडून टाका, नाहीतर तिची घरघर प्रत्येक सुरामागे ऐकू येईल.

हेडकडून येणारा सिग्नल एक मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो, तर गिटारच्या पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकी भागातून) शंभर मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक सहज मिळतात; म्हणून हेड सोडवून त्याच्या जागी गिटारचा जॅक जोडला की आतला प्रीअ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल आधी वाढवणारा भाग) पहिल्याच तारेला आवाज फाडतो, आणि आपल्याला तेच हवे आहे. मात्र टेपच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरची रचनाच खर्ज उचलण्याची आणि तीव्र स्वर दाबण्याची असते, त्यामुळे थेट जोडणीत नुसता चिखल ऐकू येतो. जॅक आणि सर्किट यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर व त्याला सलग ‘४७२’ छापलेला, म्हणजे ०.००४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घाला. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर त्यामुळे उतरतात. टेलिफोनवरचा आवाजही ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात बसवलेला असे, आणि गिटारची सर्वांत जाड तार तर ८२ हर्ट्झला वाजते, यावरून त्या आवाजाचा पातळपणा कुठून येतो ते लक्षात येईल. जोडणी शील्ड (जाळीने वेढलेल्या) वायरनेच करा.

आता एसी १२८. आपण ऐकलेले खरे आहे. १९६६ साली लंडनमध्ये आलेल्या ‘फझ फेस’मध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर होते. पण लंडनची हवा आणि आपल्याकडचा मे महिना यांत फरक आहे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे थंडीतल्या १५ अंशांच्या रात्री जुळवलेले सर्किट ४५ अंशांच्या दुपारी आठपट गळतीला तोंड देते, त्याचे बायस (ट्रान्झिस्टरचा ठरवून दिलेला कामाचा बिंदू) सरकते आणि आवाज गुदमरतो. धानकापणीनंतरच्या हंगामात ते कदाचित उत्तम चालेल. उन्हाळी तालमीत मात्र दर वेळी प्रीसेट (जुळवणीचा छोटा रेझिस्टर) फिरवत बसावे लागेल, आणि मला तो उद्योग पटत नाही. फझ करायचाच असेल तर बीसी ५४८ हा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घ्यावा.

रेडिओतला काचेचा छोटा जर्मेनियम डिटेक्टर डायोड मात्र जरूर काढा. तो आणि एक सिलिकॉनचा १एन४१४८ असे दोन डायोड एकमेकांना उलटे जोडून व्हॉल्यूमच्या वरच्या (सिग्नल येणाऱ्या) पायापासून सर्किटच्या सामाईक तारेपर्यंत (अर्थ) लावले, तर लहरीची एक बाजू ०.३ व्होल्टच्या आसपास आणि दुसरी ०.६ व्होल्टच्या आसपास कापली जाते. ही असमानता कानाला गोड लागते. सोल्डरचा डाग लावताना जर्मेनियम डायोडचा पाय चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता काचेपर्यंत पोहोचणार नाही.

सर्व काम सेलवरच करावे. उघड्या पेटीला २३० व्होल्टची वायर लावू नये. रेडिओ व्हॉल्व्हचा असता तर तो उघडायलाच मी मना केले असते, कारण त्यात दोनशेच्या वर व्होल्ट असतात. टेपरेकॉर्डरमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र बदलूनच टाका, ते बहुधा वाळलेले असतात.

मिक्सरला स्पीकरच्या वायरी थेट जोडू नका. आतला तीन-चार इंची स्पीकर हा निम्मा इफेक्ट आहे, तो तसाच राहू द्यावा आणि त्याच्यासमोर माईक ठेवावा. रंगमंचावर शिट्टी येऊ लागली, तर टेपरेकॉर्डर व माईक दोन्ही लाकडी पेटीत घालून वर जाड गोधडी टाका आणि पेटी पडद्यामागे ठेवा.