वाघासाठी सरकारं एकत्र येतात, तेव्हा नेमकं काय होतं?

(दर महिन्याप्रमाणे वाचकांचे प्रश्न. यावेळी जवळपास सगळीच पत्रं वाघावर आलीत, म्हणून अख्खं सदर वाघालाच दिलंय.)

प्रश्न : सर, 29 जुलै आला की सगळ्यांच्या स्टेटसला वाघ असतो, बातम्यांत मंत्री सह्या करताना दिसतात. या आंतरराष्ट्रीय करारांनी जंगलात खरंच काही फरक पडतो का? की सगळं फोटोपुरतंच?
– कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. आधी 29 जुलै कुठून आला ते सांगतो. नोव्हेंबर 2010 मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेल्या 13 देशांची परिषद झाली, आपण, नेपाळ, भूतान, बांगलादेश, चीन, रशिया, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया वगैरे. तेव्हा जगभरात रानातले वाघ 3200 च्या आसपास उरले होते आणि 2022 पर्यंत, म्हणजे चिनी पंचांगातल्या पुढच्या वाघाच्या वर्षापर्यंत, ते दुप्पट करायचे असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि हा दिवसही तिथलाच. आता हिशोब बघा. नेपाळमध्ये 2009 ला 121 वाघ होते, 2022 च्या गणनेत 355 निघाले, म्हणजे जवळपास तिप्पट. आपल्याकडे 2010 ला 1706 चा अंदाज होता, 2022 ला सरासरी 3682. पण त्याच कागदावर सही करणाऱ्या कंबोडियात वाघाचा शेवटचा फोटो 2007 चा आहे, आणि 2016 ला त्यांनी स्वतःच सांगितलं की आमच्याकडे आता पिल्लं देणारे वाघ राहिले नाहीत. लाओस, व्हिएतनामचीही तीच गत. त्यामुळे जगाचा एकूण आकडा काही दुप्पट झाला नाही.

मग सही एकच आणि निकाल वेगळे का? माझं मत स्पष्ट आहे. नेपाळनं दिल्लीकडे किंवा रशियाकडे बघत न बसता आपल्या बाजूचं काम केलं, पार्कात आर्मी ठेवली, आणि मुख्य म्हणजे बर्डिया नॅशनल पार्क ते आपल्या यूपीतलं कतर्नियाघाट यांच्यामधला जो खाता कॉरिडॉर आहे तिथल्या गावकऱ्यांच्या हातात वनं दिली, त्यांनी ती राखली, झाडी परत आली आणि तिथून वाघ, हत्ती, गेंडे दोन्हीकडे ये-जा करायला लागले. इकडून आपण कतर्नियाघाट सांभाळलं नसतं तर त्या कॉरिडॉरचा काय उपयोग होता? सहकार्य म्हणतात ते हे. परिषदेनं तारीख आणि आकडा ठरवून दिला, लोकांना विचारायला एक मुद्दा मिळाला, तेवढं परिषदेचं श्रेय मी नक्की देतो.

प्रश्न : आपले वाघ आपल्या जंगलात. मग चीनशी, थायलंडशी बोलणी करायची गरजच काय? आपला बंदोबस्त आपण कडक करावा, विषय संपला.
– निवृत्त शिक्षक, गारगोटी

उत्तर : गुरुजी, बंदोबस्त कडक पाहिजेच, पण विषय तिथं संपत नाही. वाघ मारणारा माणूस इथला असतो, गिऱ्हाईक मात्र बऱ्याचदा हजारो किलोमीटर लांब असतं. कातडं, हाडं, नखं, दात सगळ्याला बाजार आहे, हाडांची तर दारू आणि औषधं करतात. राजस्थानातल्या सरिस्कात 2005 पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, शिकाऱ्यांनी अख्खा प्रकल्प रिकामा केला, आणि कागदावर तिथं वाघ होतेच. त्याच सुमारास तिबेटमध्ये लोक सणावाराला चुबा नावाचा जो झगा घालतात त्याला वाघाच्या कातड्याचे रुंद पट्टे लावायची फॅशन होती, ल्हासात असलं कातडं उघड विकायला होतं. 2006 च्या जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीला दलाई लामांनी आपल्या लोकांना सांगितलं की हे सोडा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिबेटमध्ये लोकांनी ती महागडी कातडी चौकात आणून जाळली. नुसत्या पोलिसांनी हे झालं असतं का, सांगा.

म्हणून बाजार बंद करण्याची बोलणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि सरकारं नेमकी तिथंच कच्ची पडतात. साइट्स नावाचा जागतिक करार आहे, त्यात वाघाच्या कुठल्याही भागाचा देशाबाहेर व्यापार करायला बंदी आहे. 1993 ला चीननं देशातल्या देशातही वाघाची हाडं विकायला बंदी घातली. पण वाघ पिंजऱ्यात पाळून वाढवणाऱ्या फार्मांचं काय? 2007 ला साइट्सच्या बैठकीत देशांनी ठरवलं की अवयवांच्या व्यापारासाठी वाघांची पैदास करायची नाही, आपण त्या बाजूनं जोरात होतो. तरी फार्म चालूच राहिले. 2016 ला थायलंडमध्ये एका देवळातून सरकारनं 137 जिवंत वाघ हलवले तेव्हा तिथल्या फ्रीझरमध्ये 40 मेलेली पिल्लं सापडली. ऑक्टोबर 2018 मध्ये चीननं औषधाच्या नावाखाली 1993 ची ती बंदी सैल करायचा निर्णय काढला, जगभरातून ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात तो थांबवावा लागला. इथं कुणी बोललं नसतं तर? पाळलेल्या वाघाचं हाड आणि चंद्रपूरच्या वाघाचं हाड बाजारात वेगळं ओळखता येत नाही हो, एक कायदेशीर झालं की दुसरं त्याच्याआड खपतं.

प्रश्न : बिग कॅट अलायन्स म्हणजे काय असतंय?
– आठवीतला मुलगा, इचलकरंजी

उत्तर : प्रोजेक्ट टायगरला 50 वर्षं झाली तेव्हा, 9 एप्रिल 2023 ला, म्हैसूरला पंतप्रधानांनी त्याची घोषणा केली. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, चित्ता, जग्वार आणि प्यूमा अशा सात मोठ्या मांजरांसाठी देशांची ही संघटना, कारभार भारतातनं चालतो. नुसत्या वाघासाठीचा ग्लोबल टायगर फोरम मात्र नव्वदच्या दशकापासून दिल्लीत आहे. पुढच्या वर्गात गेलास की सुंदरबनवर प्रोजेक्ट कर बाळा, तिथल्या वाघासाठी भारत आणि बांगलादेशनं 2011 ला करार केलाय, चांगला विषय आहे.

प्रश्न : हद्दीपलीकडं गेलेला वाघ तोच आहे हे कसं कळतं? आमच्या दाजीपूरला दिसलेला वाघ कर्नाटकातला होता म्हणतात, ते खरं का?
– एक तरुण, राधानगरी

उत्तर : पट्ट्यांवरनं कळतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि एकाच वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा झाडाला गुडघ्याइतक्या उंचीवर बांधतात, वाघ मधनं गेला की दोन्ही कुशींचे फोटो एकदमच येतात. मग कॉम्प्युटर जुने फोटो काढून पट्टे जुळवतो आणि शेवटी माणूस डोळ्यांनी खात्री करतो. पण जुळवायला समोरच्याकडचे फोटो तर मिळायला पाहिजेत ना? इथंच सगळी गोम आहे. मानसचं जंगल आसामात आणि भूतानात दोन्हीकडे पसरलंय, दोन्ही बाजूंनी फोटो एकत्र ठेवले तेव्हाच कळलं की काही वाघ दोन्हीकडे वावरतात, नाहीतर तोच वाघ दोनदा मोजला गेला असता.

आपल्या सह्याद्रीचंही तसंच आहे. 2018 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात फोटो आलेला नर 2020 ला कर्नाटकातल्या काळी प्रकल्पात कॅमेऱ्यात सापडला, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या वर. चांदोली, विशाळगड, राधानगरी, आजरा-भुदरगड, चंदगड, तिलारी, म्हादई, काळी अशी ही वाट आहे, म्हणजे तीन राज्यं. भारत-नेपाळला जे जमतं ते महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाला जमायलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हादईला व्याघ्र प्रकल्प करा असा आदेश हायकोर्टानं 2023 ला दिला, तर गोवा सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. मधला एक दुवा सुटला की खालून येणारा वाघ आपल्यापर्यंत पोचणार कसा? शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडायला लागली. आणली ते चांगलंच झालं, पण वाट तुटली तर दर वेळी अशा गाडीत घालूनच आणाव्या लागतील.

प्रश्न : सर, ह्या परिषदा ठीक हैत, पण माझी म्हस वाघानं मारली तर मला कोण इचारणार? दूध संघाचा हप्ता थांबत न्हाई.
– दूध उत्पादक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला पाहिजे होता. जानेवारी 2020 मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन मोठी पिल्लं मेलेली सापडली, जनावर मारलं म्हणून मढ्यात विष घातलं होतं. चार वाघ एका दमात गेले. कुठल्याही परिषदेनं ते वाचले नसते, पण जनावराच्या मालकाला आठवड्याभरात पैसे मिळाले असते तर कदाचित वाचले असते.

आपल्याकडे नुकसानभरपाई आहे, फक्त कागद वेळेत लागतात. जनावर मेलं की 48 तासांच्या आत जवळच्या फॉरेस्टच्या माणसाला कळवा, 1926 ही वनविभागाची हेल्पलाइन आहे तिथं फोन केला तरी चालतो, आणि फोन कधी केला ते लिहून ठेवा. पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरनं हलवू नका, पुरू नका, दातांच्या आणि पंजांच्या खुणा दिसतील असे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला लागतो, तो त्याच दिवशी मागून घ्या. पैसे अडकले तर अर्जाची पोच घेऊन या सदराकडे पाठवा, आपण इथंच छापू आणि उत्तर मिळेपर्यंत दर अंकात विचारत राहू.