ऋतुजाच्या नऊ नऊवाऱ्या

“मॅडम, ती दिवसभर त्या गेममध्येच असते.”

ऐरोलीपासून खारघरपर्यंतचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि निम्म्या जणांचं पहिलं वाक्य हेच असतं. मुलगा असेल तर ‘तो’, मुलगी असेल तर ‘ती’, एवढाच फरक. मग ओळीने प्रश्न येतात. व्यसन लागलंय का? मोबाइल काढून घेऊ का? वायफाय बंद करू का? अलीकडे त्यात एका तक्रारीची भर पडली आहे. “आता म्हणते, मी गेममध्ये कपडे विकते. पैसे मिळतात म्हणते. हे काय नवीनच?”

या शेवटच्या तक्रारीपाशी पालक हमखास गोंधळलेले दिसतात, म्हणून त्याबद्दलच लिहायला बसले आहे. ज्या मुलीची गोष्ट सांगणार आहे तिचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आपण तिला ऋतुजा म्हणू.

ऋतुजा अकरावीत, घर कोपरखैरण्याला. वडील रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात, शिफ्टची नोकरी. पहिल्या भेटीला आई एकटीच आली आणि बसल्या बसल्या रडायला लागली. नवरात्रापासून मुलगी नीट जेवत नव्हती. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, विचारलं तर दार लावून घ्यायची. आईची पक्की समजूत झाली होती की ऑनलाइन कोणीतरी मुलाने हिला फसवलंय. “आणि मॅडम, सरकारने त्या गेमांवर बंदी आणली ना? मग हिचं अजून कसं चालू आहे?”

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध आहे. म्हणजे पैसे लावायचे, जास्त मिळतील या आशेवर खेळायचं आणि बहुतेक वेळा हरायचं, तो प्रकार. ऋतुजाचं काम वेगळं होतं. रोब्लॉक्स नावाचं अमेरिकन व्यासपीठ २००६ पासून आहे. तिथले गेम खेळणारेच बनवतात, आणि खेळणाऱ्याच्या अवताराने, म्हणजे पडद्यावरच्या बाहुलीने, घालायचे कपडेही खेळणारेच काढतात आणि एकमेकांना विकतात. व्यवहार रोबक्स या तिथल्या चलनात होतो. आईला एवढं सांगितलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी ऋतुजालाच येऊ दे.

ऋतुजा आली ती हाताची घडी घालूनच. ‘आता ही बाई मोबाइल कमी कर म्हणणार’ हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी मोबाइलचा विषयच काढला नाही. “तू काय बनवतेस ते मला दाखवशील?” एवढंच विचारलं.

तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग फोन उघडून दाखवला. नवरात्राच्या नऊ रंगांच्या नऊ नऊवाऱ्या. आपल्याकडे ऑफिसात, लोकलमध्ये बायका रोजच्या रंगाची साडी नेसतात ना, तेच तिने अवतारांसाठी केलं होतं.

“नऊवारीच का? सहावारी का नाही?”

त्या प्रश्नावर तिची हाताची घडी सुटली. “सहावारी होतच नाही, मॅडम! या साध्या, चित्राच्या कपड्यांत स्कर्ट नसतो. पँटचं टेम्प्लेट दोन्ही पायांना वेगवेगळं गुंडाळलं जातं. सहावारी काढली तर चालताना पायजमा दिसतो. नऊवारीला कासोटा असतो, पाय वेगळेच असतात, म्हणून ती बसते.” मग तिने मला तो साचा दाखवला. ५८५ बाय ५५९ पिक्सेलचं एक चित्र, त्यावर उलगडून ठेवलेले चौकोन. धडाची पुढची बाजू १२८ बाय १२८, दोन्ही हातांच्या चार-चार बाजू वेगळ्या. चोळी आणि पदर शर्टाच्या साच्यात, कासोटा पँटच्या साच्यात, आणि दोन्हीचे काठ कमरेवर एकमेकांना जुळले पाहिजेत. नाहीतर साडी मधेच तुटलेली दिसते.

सोळा वर्षांची मुलगी सपाट कागदावर बसून, गुंडाळल्यावर काय दिसेल याचा विचार करत होती. मी तिला तसं म्हटलं. ती काही बोलली नाही, पण पुढच्या भेटीला वेळेआधी दहा मिनिटं येऊन बसली होती.

रडण्याचं कारण त्या भेटीत कळलं. कोणीतरी तिच्या नऊच्या नऊ नऊवाऱ्यांचं चित्र जसंच्या तसं उचलून स्वतःच्या नावाने तिथे विकायला चढवलं होतं. वर तिच्याच किमतीला. “माझी गणपतीपासूनची मेहनत होती. आता सगळे त्याच्याकडूनच घेतात. मी परत कधीच काही बनवणार नाही. मला काही येतच नाही.”

इथे थोडं थांबते. आईला वाटत होतं, मुलगी गेमसाठी रडतेय. फार तर मुलासाठी. खरं तर ती आपल्या कामासाठी रडत होती. एखाद्या चित्रकाराचं चित्र दुसऱ्याच्या सहीने विकलं गेलं तर त्याला जे होईल ते तिला झालं होतं, आणि घरात ते ओळखणारं कोणी नव्हतं. ‘गेमच तर आहे, सोड ना’ असं तिला सांगितलं गेलं. दुःखाचं नाव चुकलं की सांत्वनसुद्धा टोचतं. तिच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, “मी तर तिचा पासवर्ड बदलायला निघाले होते.”

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. या पद्धतीची मूळ भूमिका अशी, की घडलेली गोष्ट माणसाला दुखावते हे खरं, पण तिच्यावरून तो स्वतःशी जे बोलतो ते त्याला आडवं पाडतं. डिझाइन चोरीला गेलं ही घटना. ‘मला काही येतच नाही’ हे ऋतुजाने तिला जोडलेलं वाक्य. घटना मी बदलू शकत नव्हते. वाक्य मात्र तपासता येत होतं.

तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. “मधे रेघ मार. एका बाजूला त्याच्याकडे काय गेलं ते लिही, दुसऱ्या बाजूला तुझ्याकडे काय राहिलं.”

डावी बाजू झटकन भरली. नऊ रंग, गिऱ्हाईक, पैसे. उजव्या बाजूला पेन थांबलं. “माझ्याकडे काहीच नाही.”

“त्याने जे उचललं ते नेमकं काय आहे?”

“चित्र. पूर्ण झालेलं.”

“आणि तुझ्याकडे?”

“माझ्याकडे फाइल आहे. लेयर्सवाली.” हे म्हणतानाच तिची मान वर आली. त्यानंतरचं बोलणं ती माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त करत होती. “काठ वेगळ्या लेयरवर आहे. बुट्टे वेगळ्या. सावल्या वेगळ्या. त्याच्याकडे सगळं चिकटलेलं आहे. त्याला नुसता काठ बदलायचा असेल तरी बदलता येणार नाही. मी मोरपिशी करायचा म्हटला तर दहा मिनिटांत करीन.” मग उजव्या बाजूला तिने खाली उतरत उतरत लिहिलं : लेयर्स. काठ जुळवण्याची पद्धत. नऊवारीची आयडिया. खाली आणखी एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली : मला येतं.

तो कागद तिने घडी घालून स्वतःच्या कंपासपेटीत ठेवला. इतक्या वर्षांच्या कामात मला ज्या क्षणांचं समाधान वाटतं त्यांत हा आहे. मी तिला ‘तुला येतं गं’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिने ते मानलंही नसतं.

त्या लेयर्सच्या फाइलींचा दुसराही उपयोग झाला. मूळ काम आपलं आहे याचा तो पुरावा होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रासारख्या कलाकृतीवरचा हक्क ती निर्माण झाल्यापासूनच असतो, त्यासाठी आधी नोंदणी करावी लागत नाही. आपलं काम कोणी उचललं तर तशी तक्रार करण्याची सोय त्या व्यासपीठावरही आहे. मुलगी अल्पवयीन, म्हणून तक्रारीचं पत्र वडिलांच्या नावाने गेलं. काही दिवसांनी उचललेले नग तिथून उतरले.

त्या पत्रासाठी वडील एकदा रजा काढून आले. कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मुलीच्या फोनवर गुलाबी नऊवारी मोठी करून पाहिली, परत पाहिली आणि म्हणाले, “खांद्यापाशी काठ जुळला नाही.”

आता पुन्हा भांडण होणार असं मला वाटलं. ऋतुजा पटकन म्हणाली, “माहितीये बाबा, तिथे दोन पिक्सेल चुकतात. हात वेगळा गुंडाळला जातो ना.” पुढचा बराच वेळ ते दोघं दोन पिक्सेलवर बोलत होते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “कित्येक महिन्यांनी बोलतायत.” वडिलांना गेम समजला नव्हता आणि समजायची गरजही नव्हती. त्यांना दोष शोधता येत होता, आणि मुलीला आपलं काम कोणीतरी इतक्या बारकाईने तपासावं याची भूक होती.

पण गोष्ट इथेच सोडली तर ती अर्धवट राहील. कारण दुसरं वाक्य अजून शिल्लक होतं, आणि ते पहिल्यापेक्षा गोड होतं म्हणून जास्त धोक्याचं होतं : “मी यातूनच डिझाइन कॉलेजची फी भरणार. मग बारावीत किती पडले त्याने काय होतं?”

त्यावर मी उपदेश केला नाही, तिलाच हिशेब मांडायला सांगितला. ती सांगत गेली. एक नग चढवायला दहा रोबक्स. शर्ट नऊ आणि पँट नऊ, म्हणजे एकशे ऐंशी आधीच गेले. एक नग पाचला विकला तर कंपनीचा वाटा जाऊन हातात तीन. रोबक्सचे खरे पैसे करून घ्यायला वय किमान १३ आणि कमावलेले रोबक्स किमान ३० हजार लागतात. विकत घेतलेले त्यात धरत नाहीत. तिच्याकडे जमले होते बाराशे.

“म्हणजे अजून किती नग?”

तिने भागाकार केला. नऊ हजार सहाशे.

“आणि तीस हजारांचे रुपये किती होतात?”

“नऊ-दहा हजार.” थोडा वेळ गेला. “किंमत वाढवली तर?”

“वाढवून बघ की.”

“मग लोक कॉपीवाल्याकडून घेतील.” हे तिचं तिनेच ओळखलं. ती नाराज झाली, पण कोसळली नाही. फीचं स्वप्न मी मोडलं असतं तर ती माझ्याशी भांडली असती. तिच्या भागाकाराशी भांडायची सोय नव्हती. यातून कमावणारी माणसं आहेतच. पण बहुतेक मुलांसाठी हे हात बसवण्याचं आणि पुढे कॉलेजला दाखवायचं काम आहे, फी भरायचं नव्हे.

वेळेचा प्रश्नही असाच सुटत गेला. आठवडाभर तिने दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या : काढण्यात गेलेला वेळ, आणि ‘किती विकले गेले’ हे बघण्यात गेलेला वेळ. बघण्याचा वेळ जास्त निघाला, आणि तोही रात्री अकरानंतरचा. पालकांनी हा फरक आवर्जून समजून घ्यावा. मूल काम करतंय म्हणून तुम्ही काम बंद करायला जाता, आणि झोप खाणारी सवय वेगळीच असते. घरात ठरलं ते असं : संध्याकाळी एक तास चित्र काढायचं, आकडे फक्त रविवारी बघायचे, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आईने खर्चाची मर्यादा घातली आणि अनोळखी लोकांशी गप्पा बंद केल्या. ‘मला डिझाइन करून दे, पैसे बाहेरून देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही उत्तर द्यायचं नाही आणि ‘फुकट रोबक्स’च्या कुठल्याही लिंकवर पासवर्ड टाकायचा नाही, हेही ठरलं. या दोन बाबतींत मी कोणालाच सवलत देत नाही.

प्रत्येक मूल ऋतुजासारखं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. पण त्यासाठी नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो विचार करायचा. तुमच्या घरी तसं दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, लेख वाचून समाधान मानू नका.

बाकीच्यांना मी आता पहिल्या भेटीची वेळ देतानाच फोनवर एक काम सांगते. मुलाशेजारी एकदा बसा आणि त्याचा एक नग कोऱ्या साच्यापासून चढवण्यापर्यंत कसा होतो ते बघा. मधे ‘अभ्यास’ हा शब्द काढू नका. प्रश्न विचारायचे ते दुकानदार विचारेल तसे : विकत घेतं कोण, पैसे घालतोस किती, उरतात किती? आणि जे उत्तर मिळेल ते लिहून माझ्याकडे घेऊन या.